डब्याच्या पिकअपची शिट्टी

गजादादा, तुझ्या तेराव्याला जिलेबी होती. तुला जिलेबीचा किती राग होता! "हाताला चिकाट लागतं रं, मग पाना सुटतो," असं म्हणून लग्नाच्या पंगतीत तू तुझी जिलेबी माझ्या ताटात टाकायचास. आज मी माझ्या दोन खाल्ल्या आणि तुझ्या वाटणीच्याही दोन खाल्ल्या. आता घरामागच्या जुन्या पिकअपच्या केबिनीत येऊन बसलोय. दरवाजा निम्माच उघडतो, सीटमधून काथ्या बाहेर आलाय. लेकीच्या वहीतली कोरी पानं आणलीत आणि त्यावर हे लिहितोय. हसू नकोस, माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे.

मांडवात आज सगळे तुझ्याबद्दल गोड बोलत होते. गजाच्या हाताला गुण होता, गजानं कधी कुणाला रस्त्यात अडकवून ठेवलं नाही, गजा असा आणि गजा तसा. अरे, मग माणूस जिवंत होता तेव्हा काय तोंडाला कुलूप लागलं होतं यांच्या? 'शिट्टीमास्तर' हे नाव मात्र एकानंही काढलं नाही. चार वर्षं नाक्यावर ज्या नावानं तुला हाका मारल्या, ते नाव आज सगळे जिलेबीबरोबर गिळून बसले होते. मीसुद्धा. ते नाव तुला माझ्या खोटेपणामुळं लागलं, आणि तू होतास तोवर हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, असं मी आज दुपारपर्यंत धरून चाललो होतो.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीतच आहे, पण मला सांगू दे.

ही पिकअप मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. साधं डिझेल इंजिन, टर्बो-बिर्बो काही नाही. सकाळी मुरूडला बर्फ भरायचा, आगरदांड्याला येऊन जंगलजेटीवर, म्हणजे आपल्या गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढायचं, खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, दिवेआगर-श्रीवर्धनकडं बर्फ टाकायचा आणि तिकडची मासळी भरून परत. चढ लागला की मागं काळा धूर आणि पुढं मी पहिल्या गियरमध्ये रखडलेला. एकदा डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक म्हातारी मला मागं टाकून पुढं गेली, आणि वरून वळून विचारते, "धक्का मारू का रं?"

हे मी तुझ्या गॅरेजात येऊन हसत सांगितलं. सगळे हसले, तू हसला नाहीस. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत उभा राहिलास. मग म्हणालास, "रम्या, हिला दम न्हाय असं न्हाय. हिला हवा मिळत न्हाय."

चार-पाच दिवसांनी तू पनवेलच्या भंगारातून एका ठोकलेल्या कारचा टर्बो घेऊन आलास. नारळाएवढा, गंजलेला. मला त्यातलं शष्प कळत नव्हतं. तू चुलीकडं बोट दाखवून समजावलंस, "फुंकणीनं फुंकलं की चूल कशी पेटते? हे तसंच. फकस्त हितं फुंकायचं काम इंजिनाचाच धूर करतो. धूर जाता जाता एक पंखा फिरवतो, तो पंखा दुसऱ्याला फिरवतो, आन् दुसरा आत हवा कोंबतो." इतकं सोपं कुणी सांगितलं की मला वाटतं, हे मलाही जमलं असतं. तुझ्याजवळ मी आयुष्यभर असाच शहाणा होत राहिलो.

पण बॉनेटखाली टर्बोला जागाच नव्हती. मी म्हटलं, झालं, विषय संपला. तू म्हणालास, "पुढं जागा न्हाय तं मागं लावू." आणि खरंच तू तो मागं लावलास, गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या पाइपावर. तिथून हवेचा पाइप पुढं इंजिनापर्यंत आणलास. तेलाची नळी मागं नेलीस, आणि वापरून झालेलं तेल परत इंजिनात आणायला एक छोटा विजेवरचा पंप बसवलास. अलिबागचा एक मेकॅनिक मुद्दाम बघायला आला होता. "टर्बो इंजिनाला चिकटून पाहिजे, पोटाखाली कुणी लावतो काय?" म्हणाला. तू नुसता चहा पाजलास त्याला. तो गेल्यावर म्हणालास, "लांब हाय म्हणून थंड ऱ्हाईल, एवढं त्याच्या टकुऱ्यात येत न्हाय."

आणि तो डबा! जेटीच्या उतारावर भरतीचं पाणी चाकांखालून उडतं, ते खारं पाणी हवेबरोबर आत गेलं तर सगळं संपलं. म्हणून हवा घ्यायचं तोंड तुला केबिनच्या मागं उंचावर पाहिजे होतं, फिल्टरला झाकण पाहिजे होतं, आणि ते गंजायला नको होतं. सुनंदावहिनी भाकरीचं पीठ काढायला गेली तर पीठ परातीत आणि स्टीलचा डबा गायब. तो डबा भोक पडून माझ्या पिकअपच्या पाठीवर चढलेला. काय ओरडली होती ती तुला! "उद्या मला पण बसवा गाडीवर!" मी विचारलं, "दादा, पासिंगला गेलो आणि साहेबानं विचारलं, हे काय आहे, तर?" तू म्हणालास, "सांग, डायवरचा जेवणाचा डबा हाय."

पहिल्या दिवशी बर्फ भरून आपण दोघं चढावर गेलो. तिसरा गियर, दादा! तिसऱ्या गियरमध्ये ती म्हातारी गाडी चढली, आणि मागून ती शिट्टी. बारीक, सरळ, वर वर जाणारी. तू खिडकीतून हात बाहेर काढून डोळे मिटून ऐकत होतास. वर पोचलो तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. धूर गेला म्हणालास. धूर तर त्या दिवशी नव्हताच.

महिनाभर नाक्यावर दुसरा विषय नव्हता. दोन पिकअपवाले आपल्याही गाडीला बसव म्हणून तुझ्या मागं लागले. मी तर काय, हवेतच. रोज त्या चढावर गेलो की म्हातारीचं घर यायच्या आधी मुद्दाम एक्सलेटर दाबायचो, तिला शिट्टी ऐकू जावी म्हणून.

तू मला एकच गोष्ट सांगितली होतीस. एकच. "गाडी बंद करायच्या आधी दोन मिन्टं चालू ठेव. उभी राहू दे, रेस न करता. टर्बो तापलेला असतो, आतला पंखा फिरत असतो. इंजिन बंद केलंस की तेल थांबतं, आन् आत राहिलेलं तेल जळतं. दोन मिन्टं. जास्त न्हाय." तू हे एकदा नव्हे, दहादा सांगितलंस. स्टेअरिंगजवळ खडूनं दोनचा आकडासुद्धा काढलास.

आणि आपली जेटी कशी आहे ते तुला माहीत आहे. जो आधी पोचला तो आधी चढला. उतारावर येऊन गाडी दोन मिनिटं बाजूला उभी केली, तर मागचे तिघं कडेनं पुढं घुसणार, आणि बोट भरली की तू बस पुढच्या फेरीपर्यंत, बर्फ वितळत. बोटीवर चढल्या चढल्या जेटीवरचा माणूस ओरडतो, "गाडी बंद! हँडब्रेक लावा!" तिथं चालू ठेवू देत नाहीत. म्हणजे थांबायचं तर आधीच, रांग सोडून, वर वडाच्या सावलीत. मी बोट दिसली की शेवटचा टप्पा एक्सलेटर दाबूनच यायचो. सरळ बोटीवर, आणि चावी बंद. रोज. जाताना आणि येताना. पहिल्या आठवड्यात एकदा थांबलो होतो. मागच्या बाळ्याची पिकअप माझ्या पुढून गेली आणि त्यानं खिडकीतून हात हलवला. त्यानंतर नाही थांबलो. असल्या फालतू गोष्टीसाठी, दादा. हात हलवला म्हणून.

चार महिने चाललं. मग मासळी भरून दिघीकडं परत येताना, चढाच्या मध्यावर, शिट्टीचा आवाज बदलला. आधी घोगरा झाला, मग किंकाळीच. मागं पांढरा धूर, इतका की रस्ता दिसेना. आणि इंजिन आपोआप पळायला लागलं. मी पाय काढला तरी पळतंय. चावी बंद केली तरी पळतंय. चावी काढून हातात घेतली, दादा, आणि इंजिन ओरडतच होतं, कुणी पछाडल्यासारखं. टर्बोतलं तेल हवेच्या पाइपातून आत जात होतं आणि गाडी स्वतःचंच तेल पिऊन पळत होती, हे तू नंतर सांगितलंस. तेव्हा मला एवढंच कळलं की मी मरतोय. शेवटी वरचा गियर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडला. दणका बसला आणि गप्प झाली.

तू पलीकडून पुढची बोट पकडून मोटरसायकलवर आलास. तोवर माणसं जमली होती. बाळ्या होता, ते दोघं होते ज्यांना टर्बो लावून घ्यायचा होता. आधी तू मला बघितलंस, हातपाय चाचपून बघितलेस, पाणी पाजलंस. मग गाडीखाली शिरलास. बाहेर आलास तेव्हा तोंड काळं झालं होतं. सगळ्यांसमोर मला विचारलंस, "रम्या, दोन मिन्टं थांबत व्हतास ना?"

मी म्हटलं, "व्हय दादा. रोज."

तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही बघितलंस. मग लोकांकडं वळून म्हणालास, "मग माझीच चूक. पंप कमी पडला."

तिथं मी तोंड उघडायला पाहिजे होतं. अजून मला तो रस्ता दिसतो, काजूची झाडं, सुरमईचं पाणी गाडीतून ठिबकतंय, आणि तू हात फडक्याला पुसतोयस. मी घाबरलेला होतो, आणि मासळी सडल्याचं खापर आपल्यावर फुटेल असं वाटत होतं, आणि बाळ्या बघत होता. एवढ्या सगळ्यात तू उभा आहेस हे मला दिसलं नाही.

पुढं जे झालं ते झालं. तू टर्बो काढलास, साधा पाइप परत जोडलास. ते दोघं तुझ्याकडं फिरकले नाहीत. हळूहळू पिकअपवाले सगळेच दुसरीकडं जायला लागले. "शिट्टीमास्तरकडं नको, गाडी आपोआप पळवील." तुझ्याकडं राहिले पंक्चर, स्कूटरचे ब्रेक, कुणाची पाण्याची मोटर. लोक हसायचे तेव्हा मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी हसलो, दादा. तुझ्या पाठीमागं मीपण हसलो. त्याला माफी नाही, आणि ती मी मागतही नाही.

मग मी नवी पिकअप घेतली, कंपनीतूनच टर्बो लावलेली. तिच्या कामाला मी अलिबागला जायला लागलो. तुझ्या गॅरेजावरून जाताना हॉर्न द्यायचो, तू हात वर करायचास. एकदा तू अडवलंस आणि बॉनेट उघडायला लावलंस. म्हणालास, "कंपनीचं काय, कंपनी जागा ठेवूनच गाडी बनवते. जागा नसलेल्या गाडीला लावून दाखवा म्हणावं." मी म्हटलं, "पण फेल नाय जात ना." असं बोललो मी तुला. तू बॉनेट हळू लावलंस. त्या नव्या गाडीच्या पुस्तकात, सुरुवातीच्याच पानांत, काय लिहिलंय सांगू? लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, थोडा वेळ चालू ठेवावं. मी ते वाचलं आणि पुस्तक परत कप्प्यात टाकलं.

तुझ्या छातीत कळ आली त्या सकाळी वहिनीचा फोन मलाच आला. तुला माझ्या पिकअपमध्ये शेजारी बसवून अलिबागला नेलं. तू घामानं भिजला होतास आणि तरी मध्येच म्हणालास, "आवाज बरा हाय हिचा." हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. रेवदंड्याचा पूल गेल्यावर तू मान टाकलीस. दवाखान्याच्या दारात मी तुला उचलून आत पळालो, गाडी तशीच चालू. तासाभरानं वॉचमन आत येऊन विचारत होता, चालू गाडी कुणाची आहे म्हणून. तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी बाहेर गेलो, चावी फिरवली आणि तिथंच स्टेअरिंगवर डोकं ठेवलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेटीवर तोंड उघडलं. रांगेत उभे होतो. बाळ्या होता, आणखी तिघं-चौघं होते. मी म्हटलं, "ऐका रे. त्या वेळी गजादादाची चूक नव्हती. मी थांबत नव्हतो. एक दिवस सोडला तर कधीच थांबलो नाही, आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो." बाळ्या म्हणाला, "आता त्याचं काय रं, गेला बिचारा." एवढ्यात बोट लागली आणि सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या. मी अजून बोलत होतो. मागच्यानं हॉर्न दिला, मला पुढं सरकायला लावलं.

आज जेवणं उरकल्यावर वहिनीनं मला हाक मारली. "भावजी, गॅरेजचं जरा बघून घ्या. मला त्यातलं काय कळत न्हाय." मी आत गेलो. टेबलाखाली गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. सोडलं तर आपला टर्बो. धुऊन पुसून चकचकीत, आतला पंखा बोटानं फिरवला तर फिरत राहतो. त्याला एक नळकांडं जोडलेलं, आग विझवायच्या जुन्या बाटल्याचं, दोन नळ्या आणि एक झडप. मी उलटसुलट करून बघितलं, मला काही उमगेना. म्हणून वहिनीला विचारलं.

ती म्हणाली, "ते? तुमच्या गाडीसाठी बनवत व्हते. गाडी चालू असताना त्या बाटल्यात तेल भरून ऱ्हातं म्हणं, आन् गाडी बंद केली की ते आपोआप टर्बोला जातं, दोन मिन्टं. म्हणायचे, रम्या काय थांबायचा न्हाय. त्याला न थांबता चालंल असं कायतरी करतो."

मी गोणपाटावरच बसलो. विचारलं, "वहिनी, दादाला माहीत होतं? मी थांबत नव्हतो ते?"

"टर्बो उघडला त्याच दिवशी कळलं की. आतलं तेल जळून डांबर झालेलं. मला दाखवलं व्हतं."

"मग मला बोलला का नाही? लोक इतकं हसत होते, तेव्हा तरी?"

वहिनी डबा पुसत होती, तो भोक पडलेला डबा. ठेवलाय तिनं अजून, कांदे ठेवते त्यात. पुसता पुसताच म्हणाली, "मी पण तेच म्हणायची. तं म्हणायचे, थांब जरा. तो स्वतःच येऊन सांगंल."

मला दोन मिनिटं थांबणं जमलं नाही, दादा, आणि तू चार वर्षं थांबलास. मी हॉर्न देऊन जायचो तेव्हा तू हात वर करायचास, ते काय म्हणून करायचास हे मला आत्ता कळतंय. अरे, एक शिवी तरी द्यायचीस! गचांडी धरायचीस, दोन कानाखाली वाजवायच्यास, मी तिथंच रडून सगळं सांगितलं असतं. तू कसला थांबलास? माझ्यासारख्याची वाट बघायची असते काय कुणी?

टर्बो आणि ते नळकांडं इथं माझ्या मांडीवर आहे. एक नळी मोकळी आहे, ती कुठं जोडायची ते मला कळत नाही, आणि आता ते सांगणारं कुणी नाही. तीन वेळा लावून बघितली. शेवटी तशीच ठेवली.

आलोय दादा. उशीर झाला, पण आलोय. विचार परत एकदा, सगळ्यांसमोर विचारलं होतंस तसंच.

न्हाय दादा. थांबत नव्हतो.